तिथी पाहून सिंधुदुर्ग: किनाऱ्यावर पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर येणारे बहुतेक पाहुणे सलग सुट्टी पाहून निघतात आणि मग ज्या वेळी पोहोचतील त्या वेळी समुद्र जसा असेल तसा पाहून परततात. कुणाला भर दुपारी गढूळ पाण्यात बुडी मारावी लागते, तर कुणी ज्या गावातून जातो तिथली जत्रा आदल्याच रात्री आटोपलेली असते. या किनाऱ्यावरच्या दोन मोठ्या गोष्टी, समुद्र आणि देवळापुढची जत्रेची रात्र, चंद्राच्या गतीने चालतात. म्हणून सहलीची आखणी तिथीपासून सुरू करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे दिलेला क्रम मालवण, वेंगुर्ले आणि सावंतवाडी या परिसरात चार-पाच दिवस राहू शकणाऱ्या नवख्या पाहुण्यासाठी आहे.

पहिली पायरी: भिंतीवरची दिनदर्शिका उघडावी

भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब कोकणात आजही अनेकांच्या तोंडी आहे. तिथीचा जो आकडा असेल त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती असते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणजे पहाटे तीनच्या आणि दुपारी साधारण साडेतीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठच्या आसपास, आणि पौर्णिमेला किंवा अमावास्येला बाराच्या आत-बाहेर. शुक्ल आणि कृष्ण या दोन्ही पक्षांना हा हिशेब सारखाच लागू पडतो. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते, आणि दुसऱ्या दिवशी हेच सगळे पाऊण तासाहून थोडे अधिक उशिरा घडते. हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाची चूक येऊ शकते, त्यामुळे होडीची वेळ ठरवताना स्थानिक माणसाला विचारावेच. परंतु घरी बसून दिवस निवडण्यासाठी याहून सोपे साधन नाही.

याच्या जोडीला दोन शब्द लक्षात ठेवावेत. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येत असल्याने भरती फार वर चढते आणि ओहोटी फार खाली उतरते. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढ-उतार कमी असतो. तो भांगाचा काळ. उधाणाच्या दिवसांत पाणी जास्त धावते, तळाचा गाळ ढवळला जातो. भांगाच्या दिवसांत ते त्या मानाने संथ आणि नितळ राहते. ज्यांना पाण्याखालचे जग पाहायचे आहे त्यांनी अष्टमीच्या मागचे-पुढचे दिवस धरावेत. ज्यांना ओहोटीत उघडे पडणारे खडक, त्यांतली डबकी आणि त्यांतले जीव पाहायचे आहेत त्यांनी पौर्णिमा किंवा अमावास्या धरावी, कारण त्या दिवसांत खोल ओहोटी सकाळी सहाच्या सुमारास आणि पुन्हा संध्याकाळी येते, म्हणजे ऊनही नसते.

दुसरी पायरी: महिना निवडावा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत अनुकूल. पाऊस थांबून नद्यांनी आणलेला गाळ खाली बसलेला असतो, हवा सुखद असते, आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास सुरू झालेला जत्रांचा हंगाम भरात असतो. मार्चमध्ये शिमगा आणि कासवांची पिल्ले, एप्रिल-मेमध्ये देवगडचा हापूस, पण सोबत घाम आणि गर्दी. मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा आणि किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या सुरक्षेसाठी बंद ठेवल्या जातात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीलाही बंदी असते. पावसाळ्यात येऊ नये असे मी म्हणणार नाही, हिरवाईसाठी जरूर यावे. मात्र तेव्हा समुद्र दुरूनच पाहायचा असतो.

तिसरी पायरी: मुक्काम ठरवावा

कोकण रेल्वेने येणाऱ्यांना मालवणसाठी कुडाळ स्थानक सोयीचे पडते. तिथून मालवण सुमारे तीस किलोमीटरवर आहे. वेंगुर्ले किंवा सावंतवाडी आधी करायचे असेल तर सावंतवाडी रोड स्थानकावर उतरावे. रस्त्याने येणाऱ्यांसाठी मुंबई-गोवा महामार्ग आहेच. एसटी बहुतेक गावांना जाते, परंतु रात्रीच्या जत्रेहून परतताना ती मिळेल असे धरून चालू नये. त्या रात्रीपुरती रिक्षा किंवा गाडी आधीच सांगून ठेवावी.

पहिल्या तीन रात्री मालवण, तारकर्ली किंवा देवबाग येथे आणि पुढची एक-दोन रात्री वेंगुर्ल्याकडे अशी वाटणी मला योग्य वाटते. या भागात घरगुती न्याहारी-निवास पुष्कळ आहेत, आणि नवख्या माणसाने तेच निवडावेत. घरातल्या काकूंना विचारल्याशिवाय कुठल्या वाडीत आज जत्रा आहे, सकाळी कोण रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणार आहे, हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही. मासे खाणाऱ्यांनी जेवण आदल्या दिवशी सांगावे, म्हणजे सकाळी बंदरावर आलेली ताजी मासळी ताटात येते. शाकाहारी असाल तर तेही आधी स्पष्ट सांगावे. घावणे, काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि सोलकढी यांवर उत्तम जेवण होते.

चौथी पायरी: पहिली सकाळ किल्ल्यासाठी ठेवावी

मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाची पायाभरणी केली आणि १६६७ मध्ये किल्ला पूर्ण झाला. बांधकामाचे नाव हिरोजी इंदुलकरांशी जोडले जाते. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून ज्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे या जिल्ह्यातील दोन किल्ले आहेत.

बंदरावरील जेटीवरून प्रवासी होड्या सुटतात. होडीत लाइफ जॅकेट घालून त्याचे पट्टे बांधावेत, नुसते अंगावर टाकू नये. होडीवाला परतीची वेळ सांगतो आणि ती बहुधा तासाभराचीच असते. हा वेळ ४८ एकरांच्या किल्ल्याला फार अपुरा आहे. म्हणून निघण्यापूर्वीच, जास्त वेळ थांबायचे असल्यास कोणत्या होडीने परतता येईल, हे विचारून घ्यावे. पहिल्या होडीने जावे हे उत्तम.

किल्ल्याचे प्रवेशद्वार दोन बुरुजांच्या कुशीत असे लपवले आहे की अगदी जवळ जाईपर्यंत ते दिसत नाही; होडीतून येताना ते शोधून पाहावे. आत गेल्यावर आधी शिवराजेश्वर मंदिरात जावे. १६९५ मध्ये राजाराम महाराजांनी बांधलेल्या या मंदिरात महाराजांची दाढी नसलेली मूर्ती आहे. त्यानंतर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी पाहाव्यात. चहूबाजूंनी खारे पाणी आणि मधोमध पिण्याचे पाणी, ही गोष्ट तिथे विहिरीच्या काठावर उभे राहिल्यावर खरी जाणवते. मग तटावर चढून जमेल तेवढी फेरी मारावी. सुमारे तीन किलोमीटरचा हा तट बेटाच्या काठाच्या वळणांनुसार नागमोडी गेला आहे, त्यामुळे लाटेचा मारा एका सरळ भिंतीवर येत नाही. किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात. त्यांच्या अंगणात न विचारता शिरू नये. परत आल्यावर किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा अवश्य पाहावा. पायाभरणीच्या वेळी गणेशपूजन जिथे झाले असे सांगतात तो हा खडक आहे, आणि घाईतले पाहुणे नेमका तोच वगळतात.

पाचवी पायरी: पाण्याखाली जाण्यापूर्वी

किल्ल्याभोवतीचे पाणी मालवण सागरी अभयारण्यात येते. १९८७ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे २९ चौरस किलोमीटरचे आहे. इथले प्रवाळ, माशांचे थवे, समुद्री काकड्या हे सगळे किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर पाहायला मिळते, आणि त्यामुळेच त्याला सर्वांत जास्त धोकाही पाहुण्यांपासून आहे. पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षकाचा हात धरून स्कुबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी, करता येते. निव्वळ मुखवटा आणि श्वासनळी लावून पृष्ठभागावर तरंगत पाहणे, म्हणजे स्नॉर्कलिंग, हे आणखी सोपे.

आधी तब्येत पाहावी. सर्दी झालेली असेल, नाक चोंदलेले असेल, तर त्या दिवशी बुडी मारू नये, कारण कानातला दाब मोकळा होत नाही आणि पडद्याला इजा होऊ शकते. दमा, हृदयविकार, अपस्मार, कानाची शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय जाऊ नये, आणि प्रशिक्षकापासून यातले काहीही लपवू नये. पाण्यात उतरण्याआधी किनाऱ्यालगत उथळ जागी तोंडाने श्वास घेण्याचा सराव करून घेतला जातो. तो घाईत उरकणाऱ्या चमूबरोबर जाऊ नये. प्रशिक्षक कुठे शिकला, त्याच्याकडे प्रमाणपत्र आहे का, एका प्रशिक्षकाबरोबर किती पाहुणे उतरणार, पाण्याखाली प्रत्यक्ष किती मिनिटे मिळणार आणि छायाचित्रांचे पैसे वेगळे आहेत का, हे सगळे पैसे देण्याआधी विचारावे. ज्यांना शिस्तीत अभ्यासक्रम करायचा आहे त्यांच्यासाठी राज्य पर्यटन महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्था तारकर्लीला आहे.

खाली जाताना नाक चिमटीत धरून नाकातून हलकेच हवा फुंकल्यासारखे करावे, म्हणजे कान मोकळे होतात. दुखू लागण्याची वाट न पाहता हे थोड्या थोड्या वेळाने करत राहावे. हातांच्या खुणांपैकी एक खूण नवख्यांचा हमखास घोटाळा करते. जमिनीवर अंगठा वर करणे म्हणजे ‘छान’, परंतु पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मला वर जायचे आहे’ असा होतो. सर्व ठीक आहे हे सांगण्यासाठी अंगठा आणि तर्जनी यांचे वर्तुळ करून दाखवायचे असते. श्वास कधीही रोखून धरू नये. बुडीनंतर विमानाने परतायचे असल्यास मध्ये किमान अठरा तास जाऊ द्यावेत.

प्रवाळाला हात लावू नये, त्यावर पाय टेकू नये. तो दगड दिसत असला तरी सजीव आहे, अतिशय सावकाश वाढतो, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो तोडणे किंवा बाळगणे गुन्हा आहे. माशांना जमवण्यासाठी पाव किंवा बिस्किटे टाकण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. छायाचित्र चांगले येते खरे, पण माशांचे खाणे-वागणे बिघडते; आपल्या होडीत तसे करू नका, असे पाहुण्याने सांगितले तर ते ऐकले जाते. पाहुणे मागतात म्हणूनच ते चालते.

सहावी पायरी: वाळूवर आणि खाडीत

पोहण्यासाठी जागा निवडताना एकच सूत्र पाळावे: जिथे गावातली माणसे उतरत नाहीत तिथे आपणही उतरू नये. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तो संगम पाहायला सुंदर आहे, परंतु ओहोटीच्या वेळी नदीचे आणि खाडीचे पाणी एकत्र समुद्राकडे धाव घेते, आणि त्या ओढीपुढे चांगल्या पोहणाऱ्याचेही चालत नाही. संगमावर पोहू नये. मोकळ्या किनाऱ्यावरही लाटांच्या दोन रांगांमध्ये एखादा शांत, काळपट पट्टा दिसला तर तो सुरक्षित समजू नये. बहुधा तिथूनच पाणी आत परतत असते. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजत येण्याऐवजी किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडावे आणि मग लाटेबरोबर परतावे. अंधारात, मद्य घेऊन किंवा एकट्याने पाण्यात उतरू नये. मदतीसाठी ११२ हा आणि समुद्रातील संकटासाठी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फोनमध्ये आधीच नोंदवून ठेवावा.

मालवणच्या चिवला किनाऱ्यावर किंवा आसपासच्या वाड्यांत सकाळी रापण दिसली तर सगळे बेत बाजूला ठेवावेत. होडी समुद्रात अर्धवर्तुळ काढत जाळे सोडत जाते, जाळ्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर येतात आणि मग दोन रांगांत उभे राहून म्हातारे, तरुण, बायका सगळे मिळून ते ओढतात. तास-दोन तास हे चालते. मासळीचे वाटे ठरलेल्या रीतीने होतात. रापणकारांना विचारून दोराला हात लावता येतो, आणि हात लावणाऱ्याला मूठभर मासळी देण्याची रीत अजून अनेक ठिकाणी टिकून आहे. मात्र ती मागायची नसते. यांत्रिक मासेमारीच्या रेट्यापुढे ही सामुदायिक पद्धत दिवसेंदिवस कमी होत आहे, आणि मला या किनाऱ्यावरची ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत महिलांच्या बचत गटाने कांदळवन सफर सुरू केली आहे. वल्ह्यांची होडी, इंजिनाचा आवाज नाही, आणि कांदळाची झाडे, खेकडे, पक्षी ओळखून सांगणाऱ्या बायका. भरतीची वेळ धरून जावे, कारण ओहोटीत खाडीचे पाणी उतरते. दुर्बीण असेल तर न्यावी.

वेंगुर्ले तालुक्यातच वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात, आणि गावकरी व वन विभाग घरट्यांची राखण करतात. अंड्यांतून पिल्ले बाहेर यायला साधारण पन्नास दिवस लागतात, म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल हा पाहण्याचा काळ. पिल्ले नेमकी कोणत्या दिवशी निघतील हे कुणीच सांगू शकत नाही, त्यामुळे आधी चौकशी करून पहाटे किंवा सूर्यास्ताला पोहोचावे आणि न दिसल्यास कुरकुर करू नये. आखलेल्या रेषेमागे उभे राहावे, बॅटरी किंवा फ्लॅश लावू नये, पिल्लाला उचलून समुद्रात सोडण्याचा मोह टाळावा. वाळूवरचा तो चालण्याचा प्रवास त्याने स्वतः करायचा असतो.

सातवी पायरी: दुपारचे ऊन कलेच्या घरी काढावे

अकरा ते चार या वेळात किनाऱ्यावर भाजून निघण्यापेक्षा आतल्या गावांत जावे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या जपल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना या कार्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या कुटुंबाने गोठ्याच्या जागेत उभारलेले संग्रहालय पाहता येते. जाण्यापूर्वी कळवावे, म्हणजे एखादा छोटा प्रयोगही दाखवला जाऊ शकतो, आणि त्याचे मानधन घासाघीस न करता द्यावे.

सावंतवाडीला राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हाताने रंगवणारे कलाकार काम करताना दिसतात. दशावतारी गंजिफाच्या एका संचात प्रत्येक अवताराची बारा, अशी १२० गोल पाने असतात. चितारआळीत लाकडी खेळणी आणि लाकडाचीच फळे मिळतात. गंजिफाची पाने पाहताना दहा अवतारांची चिन्हे ओळखण्याचा प्रयत्न करावा, रात्री दशावतार पाहताना उपयोग होईल.

आठवी पायरी: एक रात्र दशावतारासाठी

जत्रा ही ग्रामदेवतेची असते आणि पाहुणा तिथे पाहुणाच असतो, एवढे ध्यानात ठेवले की बाकी सगळे सोपे आहे. तिथी बहुतेक गावांची ठरलेली असते. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा याला अपवाद आहे. तिचा दिवस देवीचा कौल घेऊन दरवर्षी ठरवला जातो आणि तेव्हा लाखोंनी माणसे येतात. नवख्या माणसाने पहिल्यांदा तिथे न जाता एखाद्या लहान गावची जत्रा निवडावी. संध्याकाळी देवीची ओटी भरण्यासाठी रांग लागते, बाहेर खाजे आणि लाडवांची दुकाने असतात, मग रात्री पालखीची प्रदक्षिणा होते. प्रदक्षिणेच्या वाटेत उभे राहू नये, आणि गाभाऱ्याजवळ छायाचित्र घेण्याआधी मानकऱ्यांना विचारावे.

दशावतार, म्हणजे जत्रेत रात्रभर चालणारे लोकनाटक, मध्यरात्रीच्या आसपास सुरू होते. देवळापुढचा मांडव, मागे एक पडदा, सिंहासन म्हणून एक बाकडे, बाजूला पेटी, पखवाज आणि झांज, एवढ्यावर सगळे उभे राहते. सुरुवातीला आडदसर होते: गणपती, सरस्वती, भटजी आणि वेद पळवणारा संकासुर येतो. त्यानंतर पुराणातले एखादे आख्यान. लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेले असते आणि संवाद नट तिथल्या तिथे रचतात. स्त्रीपात्रे पुरुषच करतात, आणि शालू नेसून आलेल्या त्या राण्यांची अदब पाहिल्यावर हे भान राहत नाही. मालवणी कळली नाही तरी घाबरू नये, देवादिकांचे संवाद बहुतेक प्रमाण मराठीत असतात. विनोदी पात्रे मालवणीत बोलतात, आणि शेजारी बसलेले आजोबा अर्थ आनंदाने सांगतात. आरतीचे ताट फिरले तर त्यात यथाशक्ती पैसे टाकावेत.

अंगावर घेण्यासाठी शाल, बसायला चटई आणि पाण्याची बाटली न्यावी. लहान मुलांना दुपारी झोपवून आणावे. एखाद-दोन प्रवेश पाहून उठू नये; पहाटेच्या सुमारास युद्धाचे प्रसंग रंगतात, आणि शेवटी दहीकाला होऊन हंडी फुटते. जत्रा पौर्णिमेची असेल आणि गाव किनाऱ्याजवळ असेल, तर त्याच वेळी समुद्र खोल ओहोटीला गेलेला असतो. देवळातून थेट वाळूवर जावे, रात्रभर झाकलेले खडक तेव्हा उघडे पडलेले दिसतात. त्या सकाळी मात्र स्वतः गाडी चालवत परतीच्या प्रवासाला निघू नये. खोली दुसऱ्या दिवसासाठीही आधीच राखून ठेवावी आणि दुपारपर्यंत झोपावे.